मोरीचा दर्प आणि मूत्रपिंडातला युरिया

मालवण-वेंगुर्ल्याकडे मोरी घ्यायची तर ताजीच. शिळी झाली की अमोनियाचा असा दर्प सुटतो की वाटप कितीही झणझणीत असो, तो दबत नाही. मोरी म्हणजे लहान शार्क. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकावं म्हणून हे मासे रक्तात भरपूर युरिया, म्हणजे प्रथिनं मोडली की उरणारा टाकाऊ पदार्थ, राखून असतात, आणि मेल्यावर जिवाणू त्याचाच अमोनिया करतात.

आपण सस्तन प्राणी युरिया साठवतो तो रक्तात नव्हे, मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात. मे महिन्यात घामाने जीव नकोसा झाला की लघवी थोडी नि गडद होते, त्यात या साठ्याचा वाटा असतो. 1934 मध्येच जेम्स गॅम्बल यांनी उंदरांवर दाखवलं होतं की मिठाच्या जोडीला युरिया असेल तर दोन्ही बाहेर टाकायला पाणी कमी लागतं. ते कसं, हे मात्र कोडंच राहिलं. रेणू लहान आहे, पेशीपटलातून आपसूक पाझरत असेल, अशी समजूत होती. पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थाला स्निग्ध पटलातून इतकी मोकळीक कशी, हा प्रश्न मागेच पडला, याचं मला नवल वाटतं.

मोठा धागा मिळाला तो रक्ततपासणीच्या टेबलावर. प्लेटलेट मोजायच्या एका यंत्रात तांबड्या पेशी फोडण्यासाठी युरियाचं तीव्र द्रावण वापरत. युरिया भराभर आत शिरतो, मागोमाग पाणी, आणि मिनिटाभरात पेशी फुटते. एका सामोअन रुग्णाच्या पेशी मात्र फुटेचनात. 1982 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींवर ‘किड’ रक्तगटाचे प्रतिजनच नव्हते. म्हणजे रक्त चढवताना जुळतं का ते पाहायची ती खूण प्रत्यक्षात युरिया वाहून नेणारं प्रथिन होती! अशा लोकांची लघवी दाट करण्याची क्षमताही थोडी कमी भरते, हे पुढे दिसलं.

दरम्यान 1987 मध्ये सँड्स आणि नेपर यांनी मूत्रपिंडात लघवी गोळा करणाऱ्या संग्राहक नलिकेचं शेवटचं टोक वेगळं काढून तपासलं. व्हासोप्रेसिन हे पाणी राखायला लावणारं संप्रेरक दिलं की तिथून युरिया कितीतरी वेगाने जातो. नुसतं पाझरणं असतं तर संप्रेरकाला कशाला जुमानलं असतं? 1993 मध्ये हेडिगर यांच्या गटाने सशाच्या मूत्रपिंडातून पहिल्या वाहकाचं जनुक हाती घेतलं, वर्षभरात माणसाच्या तांबड्या पेशीतलंही मिळालं. आज या वाहकांची यूटी-ए आणि यूटी-बी (यूटी म्हणजे युरिया ट्रान्सपोर्टर) अशी दोन कुळं मानतात. यांना ऊर्जा लागत नाही. जास्त युरियाकडून कमीकडे जाणारी वाट तेवढी ते मोकळी करतात. 2009 मध्ये एका जिवाणूतल्या भावंडाची रचना उलगडली: तीन घटक, प्रत्येकात स्वतंत्र अरुंद बोगदा.

खरी गंमत 2004 ची. यूटी-ए1 आणि यूटी-ए3 हे वाहक नसलेले उंदीर पाणी राखू शकेनात, गाभ्यात युरियाही साठेना. पण मीठ तिथे पूर्वीइतकंच होतं, आणि खाण्यातलं प्रथिन कमी करताच त्यांची लघवी जवळजवळ नेहमीसारखी दाट झाली. युरियाच्या जोरावर गाभ्यात मीठ साठतं, हे 1972 पासून पाठ्यपुस्तकांत चालत आलेलं गणित त्यामुळे डळमळलं, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.