मार्ग क्रमांक ४१५ (बेस्ट)

मुंबईच्या अंधेरी पूर्व रेल्वे स्थानकाबाहेरील आगरकर चौक आणि सीप्झ हे औद्योगिक निर्यात क्षेत्र यांना जोडणारा बेस्ट उपक्रमाचा उपनगरी बसमार्ग. लांबी चार-पाच किलोमीटरच्या घरात, वाटेत मरोळची औद्योगिक वसाहत, आणि प्रवासी बहुतेक नोकरदार. मुंबईची नियमित सेवेतली शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी याच मार्गावर धावली, एवढ्यासाठी तो आता ओळखला जातो. मात्र त्या एका दिवसापलीकडेही या मार्गाला इतिहास आहे.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. डबल डेकर १९३७ मध्ये आली. त्या काळी अंधेरी मुंबईच्या हद्दीतही नव्हती. हद्द १९५० मध्ये अंधेरीपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. उपनगरांच्या वाट्याला ट्राम कधी आलीच नाही. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी करून ट्राम बंद झाली, तोवर तिचे जाळे शहरापुरतेच राहिले होते. त्यामुळे लोकलमधून उतरल्यावर पुढे जायचे तर पाय, टांगा, रिक्षा किंवा बस, हीच उपनगरांची रीत पडली. बेस्टचे दोनशे ते चारशेच्या घरातले क्रमांक मुख्यतः याच प्रवासासाठी आहेत.

सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, केंद्र सरकारने १९७३ मध्ये स्थापन केले. नावात सांताक्रूझ असले तरी ते अंधेरी पूर्वेला, मरोळ एमआयडीसीला लागून आहे. आधी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले, नंतर हिरे-दागिन्यांचे आणि सॉफ्टवेअरचे उद्योग. कुंपणाच्या आत हजारो कामगार, आणि त्यांची लोकल मात्र अंधेरीला थांबणारी. सकाळी आगरकर चौकात लागणारी रांग हा त्याचाच परिणाम.

डबल डेकरला हा मार्ग का मानवला, हे समजण्यासाठी त्या गाडीची रचना पाहावी लागते. जुन्या गाडीला एकच दार, तेही मागे, जिनाही एकच. वर जाणारा आणि खाली येणारा एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर आले की थांब्यावर गाडी अडकून पडे. थांबे जितके जास्त तितका हा वेळ वाढत जाई. याउलट सगळे एका टोकाला चढणार आणि बहुतेक दुसऱ्या टोकाला उतरणार असतील, तर दुसरा मजला खरा उपयोगी ठरतो: रस्त्यावर जागा एका बसची, माणसे जवळजवळ दोन बसची. ४१५ असाच मार्ग होता. अर्थात सकाळी सीप्झकडे खच्चून भरून जाणारी गाडी परतताना बरीच रिकामी येई, हा हिशेब बेस्टला कधी टाळता आला नाही.

खर्चाचे दुसरे कारण माणसांचे. प्रत्येक मजल्यावर एक, असे दोन कंडक्टर लागत. वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करायला परवानगी नसे, म्हणून वरची आसने भरली की कंडक्टर लोकांना खालीच थोपवून धरी. बस सोडायची खूण म्हणजे दोरी ओढून दिलेली डबल बेल. तिकीट यंत्रे येण्यापूर्वी तिकिटाला भोक पाडणाऱ्या चिमट्याची टकटक दोन्ही मजल्यांवरून ऐकू येई. दीर्घकाळ या गाड्यांत अशोक लेलँडच्या टायटन बनावटीचा मोठा वाटा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे सुमारे नऊशे डबल डेकर होत्या. पुढे त्या झपाट्याने घटल्या, आणि चालवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून २००८ नंतर नव्या घेणेच थांबले. नियमानुसार आयुष्य पंधरा वर्षे; म्हणजे २०२३ हा शेवट तेव्हाच ठरून गेला होता.

१५ सप्टेंबर २०२३ ला फुले आणि फुगे लावून सजवलेली गाडी पाहायला छायाचित्रकार आणि बसप्रेमी जमले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनीही समाजमाध्यमावर हळहळ व्यक्त केली. पर्यटकांची उघड्या छताची ‘नीलांबरी’ पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरला बंद झाली. डबल डेकरची चित्रे नेहमी मरीन ड्राइव्ह आणि बोरीबंदरची काढली जातात. पण ती शेवटपर्यंत टिकली ती वरून पाहण्याजोगे फारसे काही नसलेल्या या औद्योगिक रस्त्यावर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अखेरच्या काळात तिच्या वरच्या मजल्यावरचे प्रवासी मोबाइलवर किंवा डुलकीतच असत, समुद्र पाहत नसत.

तोपर्यंत वातानुकूलित विजेवरची डबल डेकर शहरात आलेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचे अनावरण झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नरिमन पॉइंटचे एनसीपीए कलाकेंद्र या ए-११५ मार्गावर ती सुरू झाली. पुढे कुर्ला-वांद्रे या ३१० क्रमांकावरही धावू लागली. अशोक लेलँडच्याच स्विच मोबिलिटी या उपकंपनीची ही गाडी. तिला दोन दारे आणि दोन जिने आहेत, म्हणजे जुन्या गाडीची मुख्य अडचण त्यात दूर केली आहे. या गाड्या बेस्टच्या मालकीच्या नाहीत, भाडेतत्त्वावर घेतलेल्या आहेत.

या मार्गाची स्पर्धा मुख्यतः शेअर रिक्षांशी. जुलै २०१९ मध्ये बेस्टने पहिल्या ५ किलोमीटरचे भाडे साध्या बससाठी ५ रुपये आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपये केले, तेव्हा जवळपास पूर्ण ४१५ किमान भाड्यात येऊ लागला. मे २०२५ पासून हे दर अनुक्रमे १० आणि १२ रुपये झाले. जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून जाते, सीप्झला जात नाही. त्यामुळे तिने या बसचे फारसे काही हिरावून घेतले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या भुयारी मेट्रो ३ ला मात्र एमआयडीसी-अंधेरी आणि सीप्झ ही स्थानके आहेत. अंधेरीहून मेट्रोने निघून मरोळ नाक्याला गाडी बदलली की सीप्झ गाठता येते. बसपेक्षा भाडे जास्त आणि जिने अधिक, पण रस्त्यावरची कोंडी नाही.