कलम ६६अ (माहिती तंत्रज्ञान कायदा)

कलम ६६अ हे भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील रद्द झालेले कलम. संगणक किंवा मोबाइलवरून ‘घोर आक्षेपार्ह’ वा धमकीवजा मजकूर पाठवणे, तसेच खोटे आहे हे माहीत असूनही कुणाला त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष वा आकस व्हावा म्हणून मजकूर सतत पाठवत राहणे हा या कलमाखाली गुन्हा होता. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले, आणि या कलमाचा इतिहास सांगताना तो भाग वगळता येत नाही.

मूळ २००० च्या कायद्यात हे कलम नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने ते आले. मुंबईवरील हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता आणि त्या डिसेंबरात संसदेत गोंधळाच्या वातावरणात दुरुस्ती विधेयक चर्चेविना मंजूर झाले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. त्याची शब्दरचना मात्र जुनी होती. ब्रिटनमध्ये १९३५ साली टेलिफोनवरील शिवीगाळीला आळा घालण्यासाठी टपाल कायद्यात जी तरतूद झाली, तिथून हे शब्द वळणे घेत इथवर आले. एकाने दुसऱ्याला फोनवर शिव्या देणे आणि हजारो लोकांसमोर मत मांडणे यांत फरक आहे, पण या कलमाने दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या. शिवाय हा गुन्हा दखलपात्र होता. वॉरंट नसताना अटक करण्याचा अधिकार पोलिसांकडे होता. जामीन मिळण्याजोगा असला तरी जामिनाआधी पोलीस ठाण्याची पायरी चढावीच लागे, आणि गप्प बसवण्यासाठी तेवढे पुरत असे.

२०१२ या एकाच वर्षात त्याचे स्वरूप उघड झाले. एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहासोबत हेही कलम लावले गेले. नोव्हेंबरमध्ये पालघरचे प्रकरण घडले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबरला मुंबई बंद राहिली. त्यावर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने तो मजकूर ‘लाइक’ केला. दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि प्रकरण बंद करण्यात आले. पण नुसत्या एका लाइकवरून कोठडी मिळू शकते, हे तोवर महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले होते. मुलांना ‘काही लिहू नकोस’ असे बजावणारे आईवडील भित्रे नव्हते. त्यांनी कायदा बरोबर वाचला होता.

पालघरची बातमी वाचून दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना अटक करू नये, असे केंद्राने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना कळवले. इतर याचिकांसह या खटल्याचा निकाल न्या. जस्ती चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने दिला.

संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची आठच कारणे आहेत. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ त्यांत नाहीत. हे कलम सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. पण एकाच व्यक्तीला पाठवलेला खासगी संदेशही या कलमाच्या कक्षेत येत होता, मग त्यातून सुव्यवस्था कशी बिघडणार? चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे न्यायालयाने वेगळे केले. एखाद्या मताची चर्चा किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार, मग तो कितीही अप्रिय असो, मोकळा राहिला पाहिजे आणि कायद्याने हात घालायचा तो चिथावणीच्या टप्प्यावर. दुसरा मुद्दा शब्दांच्या मोघमपणाचा. ब्रिटनमधील एका खटल्यात तोच मजकूर ‘घोर आक्षेपार्ह’ आहे की नाही यावर खालच्या आणि वरच्या न्यायालयांची मते जुळली नव्हती, याचा दाखला निकालात आहे. जिथे न्यायाधीशांचे एकमत होत नाही, तिथे रात्रपाळीच्या ठाणे अंमलदाराने काय ठरवायचे? आम्ही गैरवापर होऊ देणार नाही, ही सरकारची हमीही न्यायालयाने पुरेशी मानली नाही. सरकारे येतात आणि जातात, कलम तिथेच राहते.

हा निकाल सर्वस्वी उदार होता असे मात्र नाही. संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ त्याने कायम ठेवले. त्या आदेशांभोवतीची गुप्तता आजही सुटलेली नाही आणि माझ्या मते निकालाची खरी उणीव ती आहे. दुसरीकडे, त्याची शिदोरी पुढच्या खटल्यांना पुरली. सरकारविषयीची ‘बनावट, खोटी वा दिशाभूल करणारी’ माहिती ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्य-तपासणी कक्षाला देणारा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हाही शब्दांच्या मोघमपणाचाच मुद्दा पुढे आला.

रद्द झालेले कलम मात्र पोलीस ठाण्यांत जिवंत राहिले. न्यायालयाने कलम घटनाबाह्य ठरवले तरी संसदेने ते काढल्याशिवाय कायद्याच्या पुस्तकातून ते पुसले जात नाही. २०२३ मध्ये संसदेने कायद्यातून काढेपर्यंत हे कलम छापील प्रतीत जसेच्या तसे होते, तळाशी बारीक अक्षरातली एक टीप तेवढी आली होती. २०२१ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हेच न्यायालयाला सांगितले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने त्या वेळी मांडलेल्या आकडेवारीनुसार ११ राज्यांत या कलमाखालील ७४५ खटले प्रलंबित होते. न्यायालयाने हे धक्कादायक म्हटले. निकालाची प्रत सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवा, असा आदेश त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्येच झाला होता. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये आणि प्रलंबित प्रकरणांतून ते वगळावे, असे पुन्हा एकदा बजावले.

प्राध्यापक महापात्र यांची या खटल्यातून सुटका झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. अटकेला तोवर पावणेअकरा वर्षे होत आली होती.