पार्श्वभूमी : टीबीचं रक्ताचं कार्ड आणि त्यावरची बंदी

पावसाळा लागला की मुंबईतल्या दवाखान्यांत कार्डं बाहेर निघतात. बोटाला टोचायचं, थेंब टाकायचा, १५-२० मिनिटं थांबायचं. चाचणीची रेघ उमटली तर मलेरिया. मग महिनाभर खोकणाऱ्याला टीबीसाठी असंच कार्ड का नाही? असं कार्ड होतं. जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने ते बंद केलं.

१८९६ च्या प्लेगमध्ये काखेत-जांघेत गाठ हाताला लागली की बहुतेक वेळा तेवढ्यावरच निदान व्हायचं. टीबीसाठी बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धतही त्याच काळातली, आणि एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक उलटून गेल्यावरही आपला बहुतेक भार तिच्यावरच होता. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, एचआयव्ही असलेल्यांच्या बेडक्यात जंतू कमी असतात. हे दोघेही बरेचदा निसटायचे.

रक्ताची तपासणी फोफावली ती या फटीत. दहा बाय दहाच्या खोलीत शेजाऱ्यांच्या देखत डबीत थुंकण्यापेक्षा रक्त देणं सोपं वाटतं, रिपोर्टही संध्याकाळपर्यंत हातात. तपासणी लिहून देणाऱ्याला ‘कट’ मिळायचा, हेही त्या वाढीचं एक कारण. देशभरात वर्षाला अंदाजे १५ लाख अशा तपासण्या व्हायच्या. यातले बरेच संच युरोप-अमेरिकेत तयार होत, पण टीबीच्या निदानासाठी तिथल्या कुठल्याही मान्यवर नियामकाने त्यांना परवानगी दिलेली नव्हती. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात लाजिरवाणी बाब हीच.

दोष मुळात होता. मलेरियाचं कार्ड जंतूचं प्रथिन शोधतं. हे टीबीचं कार्ड शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधायचं. आपल्याकडे टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरलेली माणसं कोट्यवधी आहेत, त्यातली बहुतेक कधीच आजारी पडत नाहीत. त्यामुळे कित्येकदा निरोगी माणसाचं कार्ड पॉझिटिव्ह यायचं, आणि खऱ्या रोग्याचं निगेटिव्हही येऊ शकायचं. एकाला सहा महिने विनाकारण गोळ्या, दुसरा लोकलच्या डब्यात खोकत राहणार. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून ‘ही तपासणी वापरू नका’ असा स्पष्ट इशारा आला. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईतल्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या बातम्यांनी खळबळ उडाली. आणि जूनमध्ये आयात, उत्पादन, विक्री, वापर सगळ्यावर बंदी आली.

बंदी योग्यच होती. आक्षेप आहे तो तिच्यानंतरच्या पोकळीवर. बेडक्यातल्या जंतूचा जनुकीय अंश दोन तासांत शोधणारं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का हेही सांगणारं जीनएक्स्पर्ट हे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अखेरीस मान्य केलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये दर तपासणीला लागणाऱ्या त्याच्या कार्ट्रिजची किंमत दहा डॉलरच्या आत आली, पण खासगी लॅबसाठी नाही. मुंबईतला खोकणारा माणूस आधी जातो गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे. खासगी लॅबमध्ये ही तपासणी दोन हजार रुपयांच्या आसपास आणण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये सुरू झाला. दोन हजार म्हणजे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची कित्येक दिवसांची कमाई.

त्या पोकळीत शिरली ‘टीबी गोल्ड’. या नावाने बराच घोळ घातला. ‘गोल्ड’ ऐकलं की शेवटचा शब्द वाटतो. प्रत्यक्षात तीही रक्ताचीच तपासणी. जंतू कधी शरीरात शिरला होता का एवढंच ती सांगते, आज आजार आहे का ते नाही. रोग्याच्या घरातल्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही, हे ठरवायला ती उपयोगी आहे. निदानासाठी ती लिहून देणं म्हणजे बंद केलेली चूक नव्या नावाने चालू ठेवणं.

एप्रिल २०२० मध्ये हाच घोळ कोविडच्या वेळी झाला. प्रतिपिंडांचे रॅपिड संच भरवशाचे न ठरल्याने परत पाठवले गेले, जूनमध्ये विषाणूचाच अंश शोधणारे अँटिजेन संच आले, आणि लोकांच्या तोंडी दोन्हींचं नाव ‘रॅपिड’च राहिलं.

जीनएक्स्पर्टसारखंच जनुकीय अंश शोधणारं, गोव्यात तयार होणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आलं. जंतूचाच अंश लघवीत शोधणारं खरंखुरं टीबीचं कार्डही आहे, मात्र त्याची शिफारस एचआयव्ही असलेल्यांपुरतीच. बाकीच्या बहुतेकांसाठी अजून तीच डबी, तोच बेडका. तो सहसा गल्लीतल्या दवाखान्यात तपासला जात नाही, तिथून पुढे पाठवावा लागतो, आणि रिपोर्टसाठी पुन्हा यायचं म्हणजे कामावर आणखी एक खाडा.