अपडेट केल्याने जुना फोन खरंच बिघडतो का?

"अपडेट मारू नका, फोन मरेल." नाशिकला एमजी रोडवर मोबाईल दाखवायला गेलं की हा सल्ला हमखास मिळतो. पंचवटीतल्या माझ्या मावशीने तो इतका मनावर घेतला, की तिच्या फोनमधला सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेसाठीचं छोटं अपडेट, तीन वर्षांपूर्वीचा निघाला. त्याच फोनवरून ती रोज यूपीआयने भाजीचे पैसे देते! मला खरंच धास्ती वाटली.

या समजुतीला मूळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं, की अपडेटनंतर काही जुन्या आयफोनचा वेग कमी केला जातो. कारण होतं झिजलेली बॅटरी. जोर लागला की ती पुरेशी वीज देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो; ते टाळायला वेग कमी केला जायचा. बॅटरी बदलली की वेग परत यायचा.

अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापतो, रेंगाळतो, हेही खरं. आत अ‍ॅप नव्याने जुळवली जात असतात. तेवढ्यावरून निकाल लावू नका.

सिक्युरिटी पॅच लहान असतो, चोरवाटा बुजवतो. तो टाळूच नका. अँड्रॉइडची अख्खी नवी आवृत्ती घेताना मात्र थांबून विचार करा. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनला ती जड जाऊ शकते, आणि मागे फिरायचं तर सहसा सगळा डेटा पुसावा लागतो.

मावशीच्या फोनमधल्या ६४ जीबी जागेपैकी ६१ जीबी भरली होती. आधी फॉरवर्ड आलेले व्हिडिओ काढले, फोटोंचा बॅकअप घेतला, मग चार्जर लावून पॅच टाकला.