मायनर लीगमधील होतकरूंचा मागोवा (बेसबॉल)

अमेरिका व कॅनडातील मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या चाहत्यांमध्ये रुजलेला एक छंद. आपल्या संघाच्या ताब्यात असलेले, पण मुख्य संघात अजून न पोहोचलेले तरुण खेळाडू मायनर लीग म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धांत कसे खेळताहेत, कोण कोणत्या पायरीवर आहे, कोणाला वर बोलावतील आणि कोणाला दुसऱ्या संघाला देऊन टाकतील, यावर हे चाहते वर्षभर नजर ठेवतात. अशा होतकरू खेळाडूला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. मुख्य संघ सपाटून मार खात असला की या छंदाला विशेष भर येतो.

क्रिकेटच्या वाचकाने एक फरक आधी लक्षात घ्यावा. रणजी करंडकात उतरणारा मुंबईचा किंवा विदर्भाचा संघ स्वतःसाठी खेळतो. मायनर लीगमधल्या संघाचे तसे नसते. मैदान, तिकिटे, खाण्यापिण्याचे गाळे हा धंदा बहुधा स्थानिक मालकाचा. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार मात्र वरच्या मेजर लीग संघाचे. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, आज किती चेंडू टाकायचे, कोणी कोणत्या जागी क्षेत्ररक्षण करायचे, हेही वरूनच ठरते. सामना जिंकणे त्यामुळे दुय्यम होऊन बसते. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा ‘ही पोरं पुढे जाणार’ हे ओळखण्याची हौस मुंबईनेही भागवून घेतली होती. पण ती पोरे कोणत्या क्लबच्या मालमत्तेत जमा नव्हती. बेसबॉलमधला होतकरू तसा जमा असतो, आणि या छंदाचे बरेचसे रंग त्या मालकीतूनच आलेले आहेत.

पायऱ्या. २०२१ मध्ये मायनर लीगची फेररचना झाली. तेव्हापासून मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाशी चार असे एकूण १२० संघ जोडलेले आहेत. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा पायऱ्या येतात. टोरांटो ब्लू जेजचा खेळाडू घेतला तर तो फ्लोरिडातल्या डनेडिनहून व्हँकुव्हर, तिथून न्यू हॅम्पशायर आणि मग बफलो असा चढत जातो. बफलोहून टोरांटो रस्त्याने दोनेक तासांवर, मध्ये फक्त देशाची सीमा. या चारांच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सरावकेंद्रांवरच्या स्पर्धा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग असते. तिथे लॅटिन अमेरिकेतून सोळाव्या-सतराव्या वर्षी करारबद्ध केलेली मुले खेळतात. अमेरिका-कॅनडातील शाळा-कॉलेजांमधली मुले दरवर्षी जुलैत होणाऱ्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून येतात. या निवडीच्या पूर्वी ४० आणि त्याहीआधी त्याहून जास्त फेऱ्या होत, आता २० होतात.

उगम. मेजर लीग संघाने खालचे संघ स्वतःच बाळगावेत ही कल्पना रुजवली ब्रँच रिकी यांनी, १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्समध्ये. त्याआधी खालचे संघ स्वतंत्र होते आणि चांगला खेळाडू ते वरच्यांना विकत. कार्डिनल्सच्या तिजोरीत इतर धनाढ्य संघांशी बोली लावण्याइतका पैसा नव्हता, म्हणून रिकींनी मुलेच स्वस्तात गोळा करून वाढवायला घेतली. १९२६ ते १९४६ या काळात कार्डिनल्सनी नऊ वेळा नॅशनल लीग, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, जिंकली. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना हा साठेबाजीचा प्रकार मुळीच रुचत नव्हता. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सचे अनेक तरुण खेळाडू मोकळे केले. पद्धत मात्र मोडली नाही. उलट सगळ्यांनीच ती उचलली. ड्राफ्ट आला १९६५ मध्ये. १९८० च्या दशकात ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक या विषयाला वाहिलेले म्हणून नावारूपाला आले, आणि १९९० पासून ते देशभरातल्या पहिल्या शंभर होतकरूंची यादी काढू लागले. मागोवा घेणाऱ्यांचे पंचांग ते हेच.

आकडे वाचण्याची रीत. या छंदातली खरी कला इथे आहे. नवखा चाहता बॅटिंगची सरासरी बघतो आणि फसतो. जाणकार आधी वय विचारतो. डबल-एमध्ये .२६० ची सरासरी (म्हणजे शंभर प्रयत्नांत २६ यशस्वी फटके) असलेला १९ वर्षांचा मुलगा तिथेच .३२० काढणाऱ्या पंचविशीतल्या गड्यापेक्षा कितीतरी मोलाचा समजला जातो, कारण पहिला आपल्याहून मोठ्यांशी झुंजतो आहे आणि दुसरा लहानांना चोपतो आहे. मग येते मैदान. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्कीसारखी शहरे दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. हवा विरळ, मारलेला चेंडू तरंगत कुंपणापार जातो आणि साधा बॅटरही तिथे राक्षस दिसतो. फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये याच्या उलट, दमट हवेत आणि ऐसपैस मैदानांत होम रनसाठी, म्हणजे कुंपणापार फटक्यासाठी, घाम गाळावा लागतो. पिचरच्या बाबतीत विजय-पराजय कोणी बघत नाही. त्याने किती जणांना स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद) केले, किती जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिल्या बेसवर फुकट प्रवेश) दिले, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघतात.

आकड्यांच्या जोडीला स्काउट, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या पारख्यांचे मत असते. त्यांची मोजपट्टी २० ते ८० ची. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ८० म्हणजे पिढीतून एखादाच. फटका, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण अशा पाच गुणांवर बॅटरला वेगवेगळे गुण मिळतात. सध्याचा खेळ आणि पुढे होऊ शकेल असा खेळ यांचे गुणही स्वतंत्र देतात. सगळा उद्योग या दुसऱ्या रकान्यावर चालतो.

आकडे आणि डोळा या दोघांनाही कोड्यात टाकणारे उदाहरण म्हणून १९९० च्या ऑगस्टअखेरची अदलाबदल अजून सांगितली जाते. जेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या बॉस्टन रेड सॉक्सना उरलेल्या मोसमासाठी अनुभवी पिचर हवा होता. ह्युस्टनकडून त्यांनी लॅरी अँडरसनला घेतले आणि बदल्यात डबल-एमधला जेफ बॅगवेल दिला. बॅगवेलने त्या वर्षी न्यू ब्रिटनमध्ये .३३३ ची सरासरी राखली होती, पण होम रन फक्त चार. ताकद नाही, असा अर्थ निघू शकत होता. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतचा डाव) टाकल्या आणि तो निघून गेला. बॅगवेलने ह्युस्टनसाठी ४४९ होम रन मारले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत गेला. जुलैअखेरीस संघ प्रॉस्पेक्ट देऊन तयार खेळाडू घेऊ लागले की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो, त्यामागे हा इतिहास आहे.

एक चढण. ट्रे येसाव्हेज या पिचरला ब्लू जेजनी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत, एकूण विसाव्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षी त्याने व्यावसायिक सामना खेळलाच नाही. २०२५ चा एप्रिल उजाडला तेव्हा तो सिंगल-ए डनेडिनमध्ये होता. तिथल्या सामन्यांना प्रेक्षक किती, तर काहीशे. तिथून व्हँकुव्हर, न्यू हॅम्पशायर आणि बफलो अशा साऱ्या पायऱ्या त्याने एकाच मोसमात पार केल्या आणि ९८ इनिंगमध्ये १६० स्ट्राइकआउट घेतले. फलंदाजाच्या जवळ येऊन एकदम खाली बसणारा स्प्लिटर हे त्याचे हुकमी अस्त्र. रोज सकाळी चहाबरोबर धावफलक चाळणाऱ्या टोरांटोकरांना हे नाव उन्हाळाभर दिसत होते. १५ सप्टेंबरला त्याने मेजर लीगमध्ये पाऊल ठेवले आणि २९ ऑक्टोबरला, वर्ल्ड सिरीज या मोसमाच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात, लॉस एंजेलिसच्या मैदानावर डॉजर्सविरुद्ध १२ स्ट्राइकआउट घेतले, एकालाही वॉक न देता. वर्ल्ड सिरीजमध्ये नवोदिताने केलेला हा विक्रम. ब्लू जेजनी सामना ६-१ असा जिंकला, मालिका मात्र सातव्या सामन्यात गमावली. एवढी वेगवान चढण अपवादात्मक आहे. बहुतेकांची तीन ते पाच वर्षे या पायऱ्यांवर जातात.

वर कधी बोलवायचे. खेळाडू तयार आहे की नाही, एवढ्यावरच हे ठरत नाही. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरतात आणि साधारण सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा होतो, हव्या त्या संघाशी करार करू शकतो. म्हणून संघ दिवस मोजतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत नऊ होम रन मारले, तरी त्याला क्षेत्ररक्षण सुधारायला म्हणून ट्रिपल-एमध्ये धाडले आणि १७ एप्रिलला वर बोलावले. मोसमअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाच्या फरकाने कब्जना त्याचे आणखी एक वर्ष मिळाले. ब्रायंटने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. खेळाडू संघटनेशी झालेल्या २०२२ च्या करारात यावर उतारा म्हणून, नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला मोसमाच्या सुरुवातीपासून खेळवले आणि त्याने सर्वोत्तम नवोदितासारखा मान मिळवला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड देण्याची तरतूद झाली.

इथे चाहत्यांची गंमत दिसते. मुलगा आणखी दोन आठवडे खालीच राहिला तर ‘आपले’ एक वर्ष वाचते, असा हिशेब ते स्वतःच घालू लागतात. खेळाडूच्या पगाराची कात्री ज्याच्या खिशाला सोयीची, त्या मालकाच्या डोळ्यांनी पाहण्याची ही सवय या छंदाची उणी बाजूच म्हणावी लागेल. कारण त्या मुलांची कमाई फार काळ हलाखीची होती. २०२२ पर्यंत सिंगल-एचा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलरच्या आसपास होता. सराव शिबिराचे पैसे मिळत नसत. एका खोलीत चार-पाच जण गाद्या टाकून राहत. न्यायालयीन दाव्यानंतर २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली, त्याच वर्षी राहण्याची सोय करणे संघांवर बंधनकारक झाले आणि मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत दाखल झाले. २०२३ च्या पहिल्या करारानंतर सिंगल-एचा किमान पगार २६,२०० आणि ट्रिपल-एचा ३५,८०० डॉलर झाला.

हुकलेले अंदाज. याद्यांत वर असणे म्हणजे पोहोचणे नव्हे. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला ब्रायन टेलर, याला यांकीजनी तेव्हा विक्रमी ठरलेले १५ लाख ५० हजार डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत त्याचा फेकीचा खांदा निखळला आणि मेजर लीगचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. २०१३ चा पहिला, मार्क अपेल, २०१८ मध्ये खेळ सोडून गेला, परतला आणि २०२२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून एकदाचा उतरला. दुसऱ्या टोकाला माइक पियाझा. १९८८ मध्ये डॉजर्सनी त्याला बासष्टाव्या फेरीत घेतले, तेही व्यवस्थापक टॉमी लासोर्डा आणि पियाझाचे वडील यांच्या स्नेहाखातर. वशिल्याचा हा तट्टू २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आजच्या वीस फेऱ्यांत त्याचे नाव आलेच नसते.

भारतीय दुवे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू ‘मिलियन डॉलर आर्म’ या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून पुढे आले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केले. बेसबॉल ठाऊक नसलेल्या या मुलांनी २००९ मध्ये सरावकेंद्राच्या लीगमध्ये पदार्पण केले. पटेल लवकरच परतला, सिंग सिंगल-एपर्यंत चढला. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर हा याद्यांतला परिचित पिचर. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये खेळला. भारतातून फ्लोरिडात स्थायिक झालेल्या आईवडिलांचा मुलगा अर्जुन निम्मला याला ब्लू जेजनी २०२३ मध्ये विसाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी खेळणारा निम्मला २०२४ मध्ये डनेडिनला सुरुवातीस चाचपडला, मग सावरला, आणि २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी हाय-एमध्ये व्हँकुव्हरकडून आपल्याहून मोठ्या पिचरांना सामोरा गेला.