व्हे प्रोटीन घेण्याआधी डबा उलटा करून वाचा

आमच्या दुकानात रोज संध्याकाळी एखादा तरी मुलगा येतो आणि आल्या आल्या म्हणतो, "भाऊ, आयसोलेटच द्या. त्यानं कट लवकर येते म्हणते." आयसोलेट हा व्हे पावडरीचा जास्त गाळलेला प्रकार, आणि कट म्हणजे अंगावर ठळक दिसणाऱ्या स्नायूंच्या रेषा. कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असतो, कोणी महिन्यापूर्वी जिम लावलेली असते. पैसे बहुतेक वेळा घरून मोजून आणलेले असतात. त्या पैशाचं चीज व्हावं म्हणून हे पत्रक. काउंटरवर गर्दीत एवढं सगळं नीट सांगणं होत नाही.

व्हे म्हणजे निवळी

घरी दूध फाडून पनीर केलं की फडक्यातून हिरवट-पिवळं पाणी गळतं, ती निवळी. जाणत्या बाया ती फेकत नाहीत, कणीक भिजवायला ठेवतात. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं, ते पनीर किंवा चीज होऊन वेगळं होतं. उरलेली २० टक्के प्रथिनं या पाण्यात राहतात. पण निवळीत पाणीच ९० टक्क्यांवर, त्याखालोखाल लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि प्रथिनं १ टक्क्याच्याही आत. चीजच्या कारखान्यांतली ही निवळी बारीक चाळण्यांतून गाळतात, आटवतात आणि वाळवतात. आपल्या डब्यातली पावडर ती हीच.

या पावडरीचे कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट असे दोन नेहमीचे प्रकार. त्यांत मुख्य फरक आहे तो किती गाळलं याचा. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रथिनं ३५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतात. म्हणून नुसता 'कॉन्सन्ट्रेट' हा शब्द वाचून काहीच कळत नाही. चांगल्या डब्यात ८० टक्क्यांचा माल असतो. चव, कोको वगैरे घातल्यावर ३० ग्रॅमच्या एका स्कूपमागे २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं पडतात. आयसोलेट आणखी गाळतात, त्यात प्रथिनं ९० टक्क्यांच्या घरात जातात, लॅक्टोज आणि फॅट जवळजवळ निघून जातात. स्कूपमागे २५ ते २७ ग्रॅम मिळतात.

तिसरा प्रकार हायड्रोलायझेट. त्यात प्रथिनांची साखळी एन्झाइमनं आधीच तोडलेली असते. ते लवकर शोषलं जातं, चवीला कडवट लागतं आणि सगळ्यात महाग असतं. रोज व्यायाम करणाऱ्या साध्या माणसाला त्याची गरज पडत नाही. आम्ही ते ठेवत नाही.

आयसोलेटनं कट येतात का?

नाही. स्नायूंना लागणारी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट दोन्हींत जवळपास सारखीच असतात. कट दिसतात ते अंगावरची चरबी उतरल्यावर, आणि ती उतरते रोजच्या जेवणाच्या हिशेबानं आणि व्यायामानं. एका स्कूपमागे दोन्हींत फरक १०-१५ कॅलरींचा. सकाळच्या तर्री-पोह्यावर टाकलेल्या मूठभर शेवेनं तो भरून निघतो.

आयसोलेट खरं उपयोगी पडतं ते पोटासाठी. नागपूरच्या महाल भागातले एक काका म्हणाले होते, "मले दूध पचत नाही जी, पोट फुगते." अशांनी आधी हा हिशेब पाहावा: एका मोठ्या पेल्याभर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, चांगल्या कॉन्सन्ट्रेटच्या स्कूपमध्ये साधारण २ ग्रॅम. त्यामुळे दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना पाण्यातून घेतलेलं कॉन्सन्ट्रेट चालून जातं. त्या काकांनाही चाललं. तरीही त्रास झाला तर आयसोलेट घ्या, तिथे जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. दुधाची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं होत असेल तर व्हेचा कुठलाच प्रकार घ्यायचा नाही.

किलोचा भाव बघू नका, प्रथिनांचा बघा

उदाहरणादाखल आकडे घेऊ. एक किलो कॉन्सन्ट्रेट २,००० रुपयांना, त्यात प्रथिनं ७५ टक्के, म्हणजे ७५० ग्रॅम. एका ग्रॅमला पडले २ रुपये ६७ पैसे. एक किलो आयसोलेट ३,००० ला, प्रथिनं ८७ टक्के, म्हणजे ८७० ग्रॅम. ग्रॅममागे ३ रुपये ४५ पैसे. रोज २५ ग्रॅम प्रथिनं घ्यायची तर एक ६७ रुपयांत पडतं, दुसरं ८६ ला. पोट ठीक असेल तर हे रोजचे १९ रुपये अंड्यांवर आणि दह्यावर खर्च करा, असं आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

हाच हिशेब मास गेनरला, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीला, लावून पाहा. मोठा डबा, स्वस्त भाव, पण अनेक गेनरमध्ये प्रथिनं १५-२० टक्केच असतात आणि बाकी बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पचायला साखरेसारखाच पदार्थ. सडपातळ पोराला वजन वाढवायचं असेल तर केळी, शेंगदाणे, दूध आणि दोन पोळ्या जास्त, हे कितीतरी बरं.

लेबलावर काय वाचायचं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. समोर मोठ्या अक्षरात 'आयसोलेट' आणि मागे यादीत पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं, असे डबे बाजारात आहेत. ते मिश्रण असतं. मिश्रण वाईट नाही, पण आयसोलेटचा भाव त्याला देऊ नका. यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर डबा खाली ठेवा. प्रथिनं मोजतात ती नायट्रोजनवरून. ही स्वस्त अमिनो आम्लं घातली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनं जास्त दिसतात, अंगाला लागत नाहीत.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. हिरवं चिन्हही पाहा: काही चीज प्राण्यांच्या रेनेटनं, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या दूध फाडणाऱ्या एन्झाइमनं, करतात, त्यामुळे शाकाहारी घरांत हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे.

लेबलावरचा आकडा खरा असेलच असं नाही. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के पावडरींवरची माहिती आतल्या मालाशी जुळली नाही. म्हणून ज्या बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कंपनी देते, तोच माल आम्ही मागवतो. तो अहवाल मागा, दाखवू.

किती घ्यायचं, कोणी घेऊ नये

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. जोरकस व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात १.४ ते २ ग्रॅम सांगतात. आधी ताटातलं मोजा: अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत ५० च्या वर. जेवढं कमी पडतं तेवढ्यापुरतीच पावडर. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं तर प्रोटीन पावडरी टाळाच असं म्हटलं आहे. आमचा धंदा याच मालाचा असला तरी ही गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असेल, बाई गरोदर असेल, मूल अठराच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आमच्याकडे येऊ नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात

गेल्या मे महिन्यात एक दादा डबा परत घेऊन आले. आठवडाभर गाडीच्या डिक्कीत राहिला होता. पावडर पांढरट होती ती बदामी झाली होती, झाकण उघडताच जळक्या दुधासारखा वास आला. पारा ४५ च्या वर गेल्यावर बंद गाडीत डबा ठेवू नका. पावसाळ्यात ओला स्कूप आत टाकू नका, गुठळ्या धरतात. उकळत्या दुधातही टाकू नका: प्रथिनं वाया जात नाहीत, पण अंड्यासारखी थिजून चोथा होतो. आधी गार पाण्यात हलवा.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी मोठा डबा घेऊच नये. एका वेळेची सुटी पाकिटं आमच्याकडे असतात, चार दिवस पोट काय म्हणतं ते पाहा. सील न फोडलेला डबा बिलासह ७ दिवसांत परत घेतो. दुसरीकडून घेतलेला डबा असला तरी घेऊन या, लेबल सोबत बसून वाचू.