आज्ञा पुढे ढकलणारा मधला माणूस

इंदूरच्या रामबागेत आमच्या भाच्याचं चित्रीकरणाचं दुकान आहे. गणेशोत्सवातली नाटकं, गाण्याच्या बैठका, मुंजी, लग्नं असं सगळं तो एलटीओ टेपवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय फितीवर, साठवतो. टेप ड्राइव्ह तळमजल्यावरच्या जुन्या लिनक्स मशीनला जोडलेला, एडिटिंग मात्र वरच्या मजल्यावर. तरी वरच्या कॉम्प्युटरला तो ड्राइव्ह आपल्याच पोटात बसवल्यासारखा दिसतो. ही किमया मधे बसून आज्ञा पुढे ढकलणाऱ्या एका सॉफ्टवेअरची.

डिस्क असो की टेप, तिच्याशी बोलायची भाषा बहुतेक वेळा स्कझी. हिचं पहिलं मानक १९८६ चं. २५६ केबीचा तुकडा टेपवर लिहायचा तर वरून निघणारी आज्ञा अवघ्या सहा बाइटांची असते: १०, ०, ४, ०, ०, ०. पहिला १० म्हणजे ‘लिही’. दुसऱ्या जागचं शून्य सांगतं की लांबी बाइटांत मोज. पुढच्या तीन आकड्यांची मिळून लांबी होते: ४ गुणिले ६५,५३६, म्हणजे २,६२,१४४. ही आज्ञा आणि तिच्यासोबतचा डेटा नेटवर्कच्या पाकिटात घालून पाठवायची रीत म्हणजे आयस्कझी. ती २००४ मध्ये प्रमाणित झाली.

खालच्या मशीनवर हे पाकीट ‘टार्गेट’ सॉफ्टवेअर उघडतं. ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर चालतं, साध्या प्रोग्रॅमांच्या जागेत, म्हणजे यूझर स्पेसमध्ये. आपला ब्राउझर चालतो तसंच. एरवी असं सॉफ्टवेअर डिस्कचं सोंग घेतं. ‘वाच’ म्हटलं की एखाद्या फाइलमधून तेवढा भाग वाचून देतं. डिस्कचं सोंग सोपं आहे, टेपचं भारी किचकट. टेपवर एक फाइल कुठे संपली ते सांगणाऱ्या खुणा असतात, रीळ संपत आल्याचा इशारा असतो, आणि कंपनीगणिक वेगळ्या खास आज्ञाही असतात. त्यापेक्षा खरा ड्राइव्ह शेजारीच आहे तर आज्ञा त्यालाच द्यावी, हे बरं.

लिनक्समध्ये त्यासाठी एसजी नावाचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा कर्नलचा भाग, आहे. टार्गेट एक तक्ता भरतो: आज्ञा कुठे ठेवली आहे, किती बाइटांची, डेटा कुठल्या दिशेने जाणार, तक्रार आली तर ती कुठे लिहायची, किती वेळ थांबायचं. तक्ता कर्नलच्या हवाली केला की पुढचं काम कर्नल आणि ड्राइव्ह बघून घेतात. गंमत म्हणजे आज्ञेचा अर्थ टार्गेटला कळायची गरजच नसते. डेटा येणार की जाणार, हे आयस्कझीच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. त्यामुळे त्याने जन्मात न पाहिलेली आज्ञाही बिनबोभाट पार होते.

उत्तर परत नेताना मात्र काळजी लागते. वाचता वाचता टेपवरची खूण लागली, तर ड्राइव्ह ती बातमी तक्रारीच्याच रूपात देतो: आधी ‘तपासून पाहा’ असा शेरा, आणि सोबतच्या तपशिलात एक बिट, ‘खूण लागली’. मधल्याने तपशील गाळून नुसता शेरा वर पाठवला, तर बॅकअपचं सॉफ्टवेअर चांगली टेप खराब ठरवून मोकळं होईल. थांबायच्या वेळेचंही तसंच. जवळजवळ किलोमीटरभर लांबीचं रीळ गुंडाळायला मिनिटाहून जास्त लागू शकतं. तक्त्यात मिनिटभराचीच मुदत घातली असेल, तर कर्नल आज्ञा रद्द करतो, प्रसंगी ड्राइव्हच रीसेट करतो.

अख्खा ड्राइव्ह एकालाच दिलेला असतो तोवर हे चालून जातं. डिस्कचा एखादा तुकडा, म्हणजे पार्टिशन, दुसऱ्याला दिला की गोष्ट बिघडते. ४०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, १, ० ही दहा बाइटांची आज्ञा म्हणजे ‘शून्य क्रमांकापासून एक सेक्टर (डिस्कवरचा ठरावीक मापाचा कप्पा) वाच’. शून्य कुठलं? अख्ख्या डिस्कचं. साध्या वाचनात कर्नल पार्टिशनची सुरुवात त्यात मिळवून देतो. आज्ञा जशीच्या तशी पुढे गेली तर तो तिच्या आत डोकावत नाही. भाडेकरूला एक खोली दिली आणि किल्ली मात्र वाड्याच्या दिंडीदरवाजाची दिली, अशातली गत. २०११ च्या अखेरीस लिनक्समध्ये नेमकी हीच फट उघडकीला आली. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला, दिलेल्या पार्टिशनवरून अशी आज्ञा सोडली, की यजमान मशीनच्या त्या डिस्कवरचं सगळं वाचता येत होतं, लिहितासुद्धा येत होतं. दोष सुरक्षादोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०११-४१२७ या क्रमांकाने नोंदला गेला आणि २०१२ च्या सुरुवातीला कर्नलमध्ये बंदोबस्त झाला.

काही आज्ञा तर पुढे ढकलूच नयेत. ‘तुझ्याकडे कोणकोणती उपकरणं आहेत?’ हा प्रश्न टार्गेटला असतो, त्याचं उत्तर त्यानेच द्यायचं. आरक्षणाचा मामला याहून नाजूक. दोन कॉम्प्युटर एकच डिस्क वापरत असले, तर एक जण ‘ही माझी’ असं सांगून दुसऱ्याला अडवू शकतो. डिस्क हा हक्क आज्ञा पाठवणाऱ्याच्या ओळखीवर नोंदवते. पण मधे टार्गेट असला की डिस्कला दिसतो फक्त तो. मग दोघांच्याही आज्ञा एकाच नावावर येतात, आणि ज्याला अडवायचं त्याला डिस्क खुशाल लिहू देते. म्हणून हक्कांची वही टार्गेटला स्वतःच ठेवावी लागते, आणि प्रत्येक आज्ञा पुढे पाठवण्याआधी ती वहीशी ताडून पाहावी लागते.